भाड्याची सायकल आणि महापालिकेची तिजोरी

सार्वजनिक सायकल योजनेविषयी नागपुरातील वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे साचली होती. विषय एकच असल्यामुळे या वेळचे प्रश्नोत्तरांचे सदर संपूर्ण त्यालाच दिले आहे.

प्रश्न: मी लोकमान्यनगरहून मेट्रोने रोज बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला येतो. स्थानकापासून माझे कार्यालय सव्वा किलोमीटर दूर आहे. इतक्या जवळ यायला ऑटोवाले तयार होत नाहीत, आणि झाले तरी मेट्रोच्या तिकिटाहून जास्त मागतात. भाड्याच्या सायकली मध्यंतरी आल्या, दिसल्या आणि दिसेनाशा झाल्या. एवढ्या मोठ्या महापालिकेला हजारभर सायकली घेणे इतके जड का जावे?
— एक नोकरदार वाचक, हिंगणा मार्ग

उत्तर: सायकली घेणे जड जात नाही, त्या रोज चालत्या ठेवणे जड जाते, आणि आपल्याकडील बहुतेक योजना या दुसऱ्या खर्चाची पक्की सोय न करताच सुरू झाल्या. खरेदीसाठी पैसा कुठून ना कुठून मिळतो. म्हैसूरमध्ये जून 2017 मध्ये सुमारे 450 सायकलींची ‘ट्रिन ट्रिन’ ही योजना सुरू झाली, तेव्हा तिला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा हातभार होता. त्याच महिन्यात भोपाळने 500 सायकली रस्त्यावर आणल्या, त्या स्मार्ट सिटी अभियानातून. नागपूरची निवड त्या अभियानात सप्टेंबर 2016 मध्ये झाली होती, पण अभियानाची मुदतच 31 मार्च 2025 रोजी संपली. अशा निधीचा स्वभाव एकदाच येण्याचा असतो. त्यातून वस्तू येते, तिची फीत कापली जाते, आणि तिसऱ्या पावसाळ्यात गंजलेली साखळी बदलण्याची वेळ आली की त्यासाठी अंदाजपत्रकात लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे खाते, सापडत नाही.

रोजच्या खर्चात पंक्चर, ब्रेक, मोडलेली सीट, कुलपातील बॅटरी, सर्व्हर आणि तक्रारी ऐकणारी माणसे हे सारे येतेच, परंतु बाहेरून न दिसणारा मोठा खर्च असतो तो सायकली हलवण्याचा. आपल्याच प्रवासाचे उदाहरण घ्या. सकाळी दहाच्या आत लोकमान्यनगर, वासुदेवनगर भागातील लोक घरापासून स्थानकापर्यंत सायकलने येतील आणि तिथे सायकलींचा ढीग लागेल. त्याच वेळी बर्डीला उतरलेले लोक तिथल्या सायकली घेऊन कार्यालयांकडे निघून जातील, आणि आपण पाच मिनिटे उशिरा पोहोचलात तर आपल्याला रिकामा स्टँड दिसेल. तो ढीग आणि हा रिकामा स्टँड यांचा मेळ घालायला टेम्पो, चालक, दोन हमाल आणि डिझेल लागते, तेही ऐन गर्दीच्या वेळी. दोन दिवस ओळीने रिकामा स्टँड पाहिलेला माणूस तिसऱ्या दिवशी आपली दुचाकी बाहेर काढतो.

समजण्यापुरता एक हिशेब मांडू. यातील आकडे केवळ धरून चाललेले आहेत. एका सायकलीचा रोजचा खर्च 40 रुपये, एका फेरीचे भाडे 5 रुपये आणि रोजच्या फेऱ्या 3 धरल्या, तर उत्पन्न 15 रुपये आणि तूट 25 रुपये होते. हजार सायकलींमागे ही तूट वर्षाला 91 लाख 25 हजार रुपये भरते. फेऱ्या 3 वरून 6 वर गेल्या तर तीच तूट साडेछत्तीस लाखांवर येते. म्हणजे तूट कमी करण्याचा सोपा उपाय भाडे वाढवणे हा नाही. भाडे वाढले की आपल्यासारखा सव्वा किलोमीटरचा प्रवासी सरळ पायी निघतो. फेऱ्या वाढायच्या तर सायकल हमखास मिळाली पाहिजे. म्हणून कंत्राटदाराला पैसे द्यायचे ते किती सायकली पुरवल्या यावर देऊ नयेत. किती सायकली चालू स्थितीत स्टँडवर होत्या ते रोज मोजावे, त्यानुसार पैसे द्यावेत, आणि सकाळी आठ ते अकरा या वेळेत स्टँड रिकामा राहिला तर कापून घ्यावेत. निविदेत हे एक कलम असेल, तर बाकीच्या पन्नास पानांतील चुका चालून जातील, असे आमचे मत आहे.

प्रश्न: अशा योजनेसाठी आमच्याकडून अनामत रक्कम घेतली जाते. योजना बंद पडली तर ती परत मिळवायला जायचे कुणाकडे? शिवाय माझ्याकडे साधा फोन आहे.
— एक निवृत्त शिक्षिका, त्रिमूर्तीनगर

उत्तर: आपली भीती अनाठायी नाही. चीनमधील ‘ओफो’ ही कंपनी अडचणीत आली, तेव्हा डिसेंबर 2018 मध्ये बीजिंग येथील तिच्या कार्यालयाबाहेर अनामत परत मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. तीच कंपनी त्याच वर्षी भारतातूनही निघून गेली. लोकांची अनामत चालू खर्चासाठी वापरणे हा अशा धंद्यातला मोठा मोह असतो. यावर उपाय दोनच आहेत: अनामत घेऊच नये, किंवा ती महापालिकेच्या देखरेखीखालील वेगळ्या खात्यात ठेवावी. साध्या फोनचे म्हणाल, तर नागपूर मेट्रोचे महाकार्ड हे प्रवासाचे कार्ड आहेच. त्याच कार्डाने सायकलीचे कुलूप उघडले, तर ॲपची सक्ती उरत नाही, आणि घरकामासाठी वस्तीवस्तीत फिरणाऱ्या बायकांनाही सायकल घेता येते.

प्रश्न: पॅरिससारख्या शहरात जाहिरातींच्या पैशावर सायकली चालतात असे वाचले. आपल्याकडेही होर्डिंगवाल्यांना किंवा एखाद्या बँकेला ही योजना का देऊ नये? आमच्यावर पार्किंग शुल्क लावण्याची भाषा मात्र कृपया करू नये. मंदीने आम्ही आधीच बेजार आहोत.
— एक कापड व्यापारी, सीताबर्डी

उत्तर: पॅरिसचे आपण वाचलेत ते खरे आहे. जुलै 2007 मध्ये तेथे ‘वेलिब’ सुरू झाली ती जेसीदेको या जाहिरात कंपनीशी झालेल्या कराराने. कंपनीने सायकली चालवायच्या आणि त्या बदल्यात शहरातील सुमारे 1,600 फलकांवर जाहिराती लावण्याचा हक्क घ्यायचा, असा तो व्यवहार होता. पण याला फुकट म्हणता येत नाही, कारण त्या फलकांचे भाडे एरवी शहराच्या तिजोरीत पडले असते. पुढे चोरी आणि मोडतोड अपेक्षेच्या कितीतरी पलीकडे गेली आणि नुकसानीचा काही भाग शहराला उचलावा लागला. 2018 मध्ये कंत्राटदार बदलला, तेव्हा सेवा कित्येक महिने विस्कळीत राहिली. आपल्या महापालिकेची अडचण आणखी वेगळी आहे. जीएसटी आल्यापासून जाहिरात कर हे उत्पन्न तिच्याकडे राहिलेले नाही. परवाना शुल्क आणि जागेचे भाडे एवढेच उरले आहे. त्यातून थोडी मदत होईल, पण सारा भार त्यावर टाकता येणार नाही.

बँकेची कल्पनाही जुनीच आहे. लंडनची योजना 2010 मध्ये बार्कलेज बँकेच्या नावाने सुरू झाली आणि 2015 पासून ती सँटँडेर बँकेचे नाव लावते. तरीही योजनेची मालकी आणि जबाबदारी तेथील सार्वजनिक वाहतूक संस्थेकडेच आहे. न्यूयॉर्कने मे 2013 मध्ये शहराचा पैसा न घालता, सिटी बँकेच्या 4 कोटी 10 लाख डॉलरांच्या प्रायोजकत्वावर 6,000 सायकली रस्त्यावर आणल्या. सदस्य भरपूर मिळाले आणि तरीही योजना चालवणारी संस्था दीड वर्षात टेकीला आली. नवे मालक आले, नवे भांडवल आले आणि वार्षिक वर्गणी 95 डॉलरवरून 149 डॉलरवर गेली. प्रायोजकाचा पैसा वरखर्चाला चांगला असतो, पण घरभाडे त्यावर ठरवू नये.

आता आपल्याला नकोशा असलेल्या विषयाकडे यावेच लागेल. बार्सिलोनाने 2007 मध्ये ‘बिसिंग’ सुरू केली ती रस्त्यावरच्या पार्किंगच्या शुल्कातून, आणि आमच्या मते नागपूरला मानवेल असा हाच मार्ग आहे. वर धरलेली तूट दिवसाला 25 हजार रुपये होते. बर्डी, धरमपेठ, रामदासपेठ आणि सदर येथील रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या चारचाकींपैकी अडीच हजारांनी दिवसाला 10 रुपये दिले, तर ती भरून निघते. दहा रुपयांत आज चहा येतो. आपल्या दुकानासमोर सकाळपासून रात्रीपर्यंत हलत नसलेली गाडी बहुधा गिऱ्हाइकाची नसते, ती शेजारच्या दुकानदाराची असते, आणि त्याच्या समोरची आपली. हे आपण आमच्याहून चांगले जाणता. त्या एका जागेवर दहा सायकली मावतात आणि दिवसभरात तितकी गिऱ्हाइके येऊन जाऊ शकतात. अट एकच असावी: हा पैसा स्वतंत्र खात्यात जमा व्हावा. महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत पडलेला रुपया पगार, वीजबिल आणि थकलेली देणी यांच्या रांगेत उभा राहतो, आणि त्या रांगेत सायकलीचा नंबर लागत नाही.

प्रश्न: नागपुरात नवे काही आले की ते आधी पश्चिमेला येते. महाल, इतवारी, नंदनवन, पारडी येथील माणसे कर भरत नाहीत काय? सायकली द्यायच्या तर प्रत्येक प्रभागाला समान वाटून द्याव्यात, ही आमची मागणी आहे.
— एक वाचक, महाल

उत्तर: आपला राग आम्हाला मान्य आहे, उपाय मान्य नाही. समान वाटणी हा या योजनेला मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ‘आयटीडीपी’ या वाहतूक क्षेत्रातील संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार एका चौरस किलोमीटरमध्ये 10 ते 16 स्टँड असावेत, म्हणजे एका स्टँडपासून दुसरा सुमारे 300 मीटरवर सापडतो. माणूस सायकलीसाठी चार-पाच मिनिटांहून जास्त चालत नाही, आणि जिथे जायचे तिथे सायकल ठेवायला जागा नसेल तर ती घेतही नाही. महापालिकेची हद्द दोनशे चौरस किलोमीटरांहून मोठी आहे, म्हणजे किमान घनता धरली तरी दोन हजारांवर स्टँड लागतील. हजार सायकली तेवढ्या जागेत विखुरल्या, तर दोन स्टँडमागे एक सायकल येईल. त्याऐवजी सलग 12 चौरस किलोमीटरचा पट्टा निवडला, तर 120 स्टँड होतात आणि प्रत्येकी आठ सायकली मिळतात. न्यूयॉर्कनेही आधी मॅनहॅटनचा दक्षिण भाग आणि ब्रुकलिनचा थोडा भाग दाट भरला, आणि मग त्याला लागून असलेल्या वस्त्यांकडे पाऊल टाकले.

तो पहिला पट्टा पश्चिमेलाच असावा असे मात्र कुठेही लिहिलेले नाही, आणि इथे आम्ही आपल्या बाजूने आहोत. बर्डीला मेट्रोच्या दोन्ही मार्गिका भेटतात, त्यामुळे मध्यबिंदू तिथे असणे साहजिक आहे. पण बर्डीपासून पश्चिमेला शंकरनगर आणि लॉ कॉलेज चौकाकडे जितके जायचे, तितकेच पूर्वेला कॉटन मार्केट, अग्रसेन चौक, गांधीबाग आणि महालाकडे का जाऊ नये? उलट महाल-इतवारीत अंतरे लहान, गल्ल्या अरुंद आणि गाडी लावायला जागा नाही. सायकलीसाठी याहून सोयीची वस्ती शोधून सापडायची नाही. तिथे लोखंडी स्टँड मावणार नाहीत हे खरे. रस्त्यावर रंगाने आखलेली चौकट आणि सायकलीलाच बसवलेले कुलूप पुरेसे होईल. पारडी आणि नंदनवनसाठी दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याची तारीख पहिल्याच कंत्राटात लिहून घ्यावी. ‘पुढे विस्तार केला जाईल’ या वाक्यावर समाधान मानू नये. असली वाक्ये आपण पुष्कळ वाचली आहेत.

विस्तारात आणखी एक अडचण असते, ती जागेच्या मालकीची. एक रस्ता महापालिकेचा, दुसरा सुधार प्रन्यासचा, तिसरा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, वर्धा मार्ग महामार्गाचा आणि स्थानकाचे आवार महामेट्रोचे. स्टँडमागे एकेक परवानगी घेत बसले तर 120 स्टँडना किती वर्षे लागतील याचा अंदाज आपणच करावा. कंत्राट देण्याआधी या साऱ्यांनी एकत्र बसून जागांच्या एकाच नकाशावर सह्या केल्या पाहिजेत.

प्रश्न: मे महिन्यात नागपुरात सायकल कोण चालवणार?
— एक वाचक, सदर

उत्तर: दुपारी कुणीच नाही. 23 मे 2013 रोजी येथे 47.9 अंश तापमान नोंदले गेले होते. अशा दिवसांत सायकलीच्या मुठी हाताला धरवत नाहीत. पण शहर सपाट आहे, आणि सकाळी दहाच्या आत व संध्याकाळी सहानंतर उन्हाळ्यातही रस्ते वाहतेच असतात. मे महिन्यात निम्म्या सायकली आलटूनपालटून दुरुस्तीला घ्याव्यात आणि त्या महिन्याचा दर कंत्राटात आधीच कमी धरावा. स्टँड झाडाखाली किंवा मेट्रोच्या पुलाखाली असावेत, हे सांगायची खरे तर गरज नसावी.

प्रश्न: माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. वडिलांच्या काळी आम्ही तासावर सायकली भाड्याने देत होतो, वहीत नाव लिहून. सरकारी सायकली आल्या तर आमच्या पोटावर पाय येईल काय?
— एक दुकानदार, गांधीबाग

उत्तर: आपल्या वडिलांच्या दुकानाचा हिशेब जमत होता, कारण पंक्चर काढणारा, सायकल मोजणारा आणि उधारी ओळखणारा माणूस एकच होता. मोठ्या योजनेत ही तीन कामे तीन कंपन्यांकडे जातात, आणि ब्रेकची तार तुटलेली सायकल शहराच्या टोकावरच्या वर्कशॉपमध्ये नेऊन आणायला चार दिवस लागतात. म्हणून प्रत्येक पाच-सहा स्टँडमागे एक स्थानिक दुकान ठरवून त्याला महिन्याची ठरावीक रक्कम आणि सुट्या भागांचा साठा द्यावा, अशी अट निविदेत घालणे शक्य आहे. मात्र अट घालणारे आपणहून आपल्या दुकानात येणार नाहीत. निविदेपूर्वी इच्छुक कंपन्यांची जी बैठक होते, तिच्या आधी आपल्या भागातील दहा-बारा दुकानदारांनी मिळून महापालिका आयुक्तांना लेखी निवेदन द्यावे, आणि त्यात कोण दिवसाला किती सायकली दुरुस्त करू शकतो याचा आकडा लिहावा. निवेदनाची पोच घ्यायला विसरू नये.