मूठ काहून निघून राहिली?

प्रश्न: भाऊ, मी गोंदियाकडच्या खेड्यातला, धंदा शेतीचा पण तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल कोरायचा नाद आहे. लोहाराकडून तीन गोल पटाश्या अन् एक चपटी करून घेतली, पातं झकास, पण मुठी मीच बसवल्या अन् तिथंच घोटाळा झाला. श्रावणात घट्ट बसलेली मूठ एप्रिलात हातात येते. पाण्यात घातली की दोन दिवस बरी, मग पुन्हा तेच, उलट जास्तच हलते. काय चुकून राहिलं?

उत्तर: पहिले ते पाण्यात घालणं बंद करा बाप्पा. लाकूड पाणी पिऊन फुगते, पण मधात लोखंड अन् बाहेरून शेंबी (मुठीच्या तोंडावरची धातूची कडी), फुगायला जागाच कुठं आहे, मग तंतू आतल्या आत चेपतात अन् वाळल्यावर चेपलेलेच राहतात, म्हणजे छिद्र पहिल्यापेक्षा मोठं. दरवेळी थोडं अजून मोठं. कुदळीला, पावड्याला आपण सगळेच हे करतो, आजचं काम निभते म्हणून, पण कोरायच्या हत्याराची मूठ एक केस हलली तरी बैलाचा कान तुटतो हे तुम्हाला सांगायला नको.

खरी चूक श्रावणाची आहे. तेव्हाचं लाकूड हवेतला ओलावा धरून असते, तुम्ही त्यात छिद्र पाडलं, पटाशी ठोकली, अन् मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तेच लाकूड आकसते, शेंबीसुद्धा गळून पडते. म्हणून मुठी उन्हाळ्यात बसवायच्या, अन् लाकूड मुरलेलं घ्यायचं, साधा हिशोब म्हणजे इंचभर जाडीला वर्षभर सावलीत. दोन्ही टोकांना मेण नाहीतर जुना पेंट लावून ठेवा, नाहीतर टोकं आधी वाळून तडकतात.

आता बसवायचं. गुळगुळीत मूठ आधी तासून मग तिला छिद्र पाडू नका, हे उलटं काम आहे, ड्रिल एक रेघ जरी तिरपं गेलं तरी पटाशी वाकडी बसते. चौकोनी ठोकळ्यालाच छिद्र पाडा, पटाशी घालून बघा, अन् मग त्या छिद्राच्या हिशोबानं शेंबीची जागा अन् मूठ तासा. छिद्र वाकडं गेलं तरी मूठ सरळ निघते. पटाशीचं शेपूट, म्हणजे मुठीत शिरणारा दांडा, खांद्याकडे (पात्याच्या बुडाची रुंद पायरी) जाड अन् टोकाला बारीक असते, त्यामुळे एका बिटनं भागत नाही. समजा शेपूट 60 मिलिमीटर लांब, खांद्याजवळ 8 अन् टोकाला 4 मिलिमीटर, तर 4 चं बिट पूर्ण खोल, साडेपाचचं 40 पर्यंत, 7 चं 20 पर्यंत. मग पटाशी व्हाइसमध्ये धरून मूठ हातानं पिळत पिळत खाली न्या, काढा, छिद्रात जिथं काळी चमक दिसली तेवढंच खरवडा, पुन्हा घाला. खांदा अन् लाकूड यांच्यात 6-7 मिलिमीटर राहिले की थांबा.

शेवटचं अंतर पातं ठोकून घालायचं नाही. मूठ डाव्या हातात धरा, पटाशी खाली लोंबू द्या, पटाशीखाली कोणाचा पाय नाही ना बघा, अन् मुठीच्या वरच्या टोकावर मोगरी (लाकडी हातोडा) हाणा. वाटते की पटाशी गळून पडेल, पण ती वर चढते! लोखंड जड, ते जागचं लवकर हलत नाही, मूठच त्याच्यावर उतरते. पहिल्यांदा मला कोणी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. आवाज भदभद यायचा तो टणक झाला की समजा बसली.

काही वाढई (सुतार) शेपूट लाल करून जाळत घालतात. होते तसं, पण पात्याला ओलं फडकं गुंडाळल्याशिवाय करू नका. मी एकदा आळस केला अन् माझ्या सगळ्यात लाडक्या गोल पटाशीची धार बघता बघता पिवळी, जांभळी, मग निळी झाली, म्हणजे पाणी उतरलं, पोलादाचा कडकपणा गेला, नंतर ती सागवानात सुद्धा वळत होती. शिवाय जळलेला कोळसा कालांतरानं भुगा होतो अन् मूठ पुन्हा ढिली. त्यापेक्षा तुमच्या भागात पळसावरची लाख मिळते, तिची पूड छिद्रात भरा अन् शेपूट बेताचं गरम करून घाला, लाख वितळून धरते, अन् उद्या मूठ बदलायची झाली तर पुन्हा शेक दिला की निघते. अ‍ॅरल्डाइटच्या गोंदानं पण बसते, पण मग काढायची वेळ आली की बहुतेक मूठ फोडावी लागते.

प्रश्न: मुठीला लाकूड कोणतं? सागवान भरपूर आहे घरी.

उत्तर: सागवान खिडकीला ठेवा, मोगरीच्या माराला ते सरळ चिरते. तिवस, धावडा, बाभूळ यातलं काहीही. विकत कशाला घेता, घरी मोडका डवरा (निंदणाचं औत) नाहीतर जुनं जू पडलं असेल, वीस-वीस वर्षं मुरलेलं लाकूड आहे ते. फक्त खोडाच्या अगदी मधोमधचा मऊ ठिपका असलेला भाग नको, अन् रेषा मुठीच्या लांबीत धावल्या पाहिजेत.

प्रश्न: शेंबी आहे तरी मोगरीनं मूठ चिरते, काहून?

उत्तर: पटाशीला खांदाच नसेल, बघा. खांदा नसला की प्रत्येक मारानं शेपूट पाचरीसारखं आत शिरते, मग शेंबी किती दिवस धरणार. लोहाराला सांगून खांदा चढवून घ्या अन् खांदा-लाकडाच्या मधात जुन्या चपलेच्या चामड्याची चकती घाला. वरच्या टोकालाही एक शेंबी बसली तर उत्तम, फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप चालतो, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप पण चालतो, फक्त दिसायला कसंतरीच. मूठ आठ पैलूंची ठेवा, टेबलावरून लोळत नाही.

तासून झाल्यावर घाणीवर काढलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, आठ दिवस वाळू द्या, मग दुसरा. तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल वाळताना स्वतःच तापते अन् गोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर मोकळ्या वाळत घाला, कडक झाल्या की फेका.