इंग्लंडमधला बोडियम किल्ला खरंच मध्ययुगीन आहे, की लॉर्ड कर्झनने नव्याने बांधला?

बाहेरून दिसतो तो तट आणि बुरूज मुख्यतः चौदाव्या शतकातलेच. कर्झनने डागडुजी केली, नवा किल्ला उभारला नाही. ससेक्सच्या खेड्यातल्या आपल्या वाड्याला तटबंदी करायचा परवाना एडवर्ड डॅलिंग्रिज या सरदाराला दुसऱ्या रिचर्डने 1385 मध्ये दिला, आणि ही नोंद अजून उपलब्ध आहे. मुख्य दरवाज्यात मान वर करून बघा: वरून खाली सोडायचं लाकडी जाळीचं दार अजून लटकलेलं दिसतं, लाकूडही मध्ययुगातलंच.

पुढे आतला भाग पडझड होऊन उघडा पडला. 1829 मध्ये जॉन फुलरने किल्ला विकत घेतला म्हणून पाडापाडीतून वाचला. थोडी दुरुस्ती त्याने केली, थोडी 1861 नंतर जॉर्ज क्युबिटने. मोठं काम मात्र कर्झनचं, पहिल्या महायुद्धानंतरचं: खंदक उपसला, तट सावरले. (हाच तो बंगालच्या फाळणीवाला व्हाइसरॉय. आपल्याकडचा 1904 चा प्राचीन स्मारक कायदाही त्याच्याच काळातला.) 1925 मध्ये तो गेला आणि मृत्युपत्रानुसार किल्ला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आला.

फक्त ‘मध्ययुगीन’ म्हणजे ‘लढाऊ’ असं धरू नका. आसपासच्या भागाच्या रक्षणासाठी आणि शत्रूंना तोंड देण्यासाठी असं परवान्यात आहे, पण बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्यात थाटमाटाचा भाग मोठा होता. आत गेलात तर छपरं नाहीत. कर्झनने ती मुद्दाम पुन्हा घातली नाहीत, आणि माझ्या मते तेच बरं केलं.