छोट्या हॉस्पिटलचा कार्बन: सुरुवात ओटीपासून करा

डॉक्टर, गंगापूर रोडवरच्या तुमच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलसाठी सोलरची कोटेशनं आत्ताच मागवू नका. बहुतेक जण तिथूनच सुरू करतात आणि ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) भुलीच्या वायूची गळती तशीच राहते.

आधी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भुलीसाठी वापरतात तो वायू बघा. कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा हा वायू पाइपलाइनच्या जोडांतून चोवीस तास झिरपत राहू शकतो.

- शेवटची केस आटोपली की भूलतज्ज्ञांना सांगून फक्त नायट्रसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. ऑक्सिजनला हात लावायचा नाही.
- लाइनचा दाब लिहा, सकाळी पुन्हा बघा. काटा उतरला की गळतीची दाट शक्यता.
- सिलिंडरच्या गेजवर विसंबू नका. आत द्रव आहे तोवर तो काटा हलतच नाही. इथेच सगळे फसतात.

गळती निघाली तर दुरुस्तीत पैसे घालण्याआधी मशीनवरच्या छोट्या सिलिंडरवर भागतं का, ते भूलतज्ज्ञांना विचारा. बहुधा भागतं. डेसफ्लुरेन हे भुलीचं औषध वापरात असेल तर त्याहून खूप कमी तापवणाऱ्या सेवोफ्लुरेनचाही विषय काढा. निर्णय अर्थात त्यांचाच.

दुसरं, वैद्यकीय कचऱ्याची पिवळी पिशवी. तिच्यातलं बहुतेक सगळं भट्टीत जळतं, आणि नातेवाईक तिच्यात चहाचे कप टाकतात! प्रत्येक वॉर्डात साधा डबा शेजारीच ठेवा.

सोलरचा विचार पुढे कराल तेव्हा लागतील, म्हणून महावितरणची वर्षभराची बिलं मात्र आजपासूनच जमवायला लागा.