यकृताची शस्त्रक्रिया आणि कर्क्युमिनच्या गोळ्या

वडिलांच्या यकृतातील गाठ काढताना रक्तप्रवाह काही वेळ थांबवणार आहेत, तो पुन्हा सुरू झाल्यावर होणारी इजा टळावी म्हणून आतापासून कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतील एका द्रव्याच्या, गोळ्या सुरू कराव्यात का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. मात्र प्रयोगांत कर्क्युमिनने ही इजा कमी होते, असे सांगणारे आपण वाचलेले संशोधन खोटे नाही.

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग मी पांढऱ्या उंदरांवर अनेकदा केला आहे. यकृताच्या सुमारे ७० टक्के भागाकडे जाणाऱ्या वाहिन्यांवर बारीक क्लिप लावली की तो भाग पाहता पाहता फिका पडतो, आणि तासाभराने ती काढली की पुन्हा लालसर होतो. पाहणाऱ्याला हायसे वाटते, पण खरी पडझड तिथूनच सुरू होते. ऑक्सिजनअभावी पेशींत हायपोझँथिन आणि सक्सिनेट ही चयापचयातील द्रव्ये साचलेली असतात. ऑक्सिजन परतताच त्यातून सुपरऑक्साइडचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या रूपाचा, लोंढा उठतो, यकृतातील कुप्फर नावाच्या संरक्षक पेशी चवताळतात आणि काही तासांनी न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी येऊन त्यात भर घालतात.

कर्क्युमिन हा लोंढा नुसता टिपून घेते, हा समज अपुरा आहे. ते पेशीतील कीप-१ या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे त्याने धरून ठेवलेले, संरक्षक जनुके चालू करणारे एनआरएफ-२ हे प्रथिन मोकळे होते आणि पेशी ग्लुटाथायोनसारखी स्वतःची संरक्षक द्रव्ये वाढवते. यासाठी वेळ लागत असल्याने प्रयोगात औषध बहुधा क्लिप लावण्यापूर्वीच, किलोमागे मोजून दिले जाते.

माणसात अडते ते शोषणापाशी. बंगळुरूच्या १९९८ मधील अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिन एकटे दिले तेव्हा रक्तात जेमतेम सापडले. २० मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिरीतील तिखट द्रव्य, जोडल्यावर उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. तेव्हापासून बाजारातील अनेक गोळ्यांत मिरी आली, आणि हळदीच्या गोळ्यांनी यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदीही होऊ लागल्या. अमेरिकेतील अशा दहा रुग्णांपैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार आढळला. ऑपरेशनच्या तोंडावर एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य) वाढले, तर ते गाठीमुळे की गोळीमुळे, हे ठरवताना डॉक्टरांची पंचाईत होते. शिवाय कर्क्युमिनमुळे रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या बिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) काम मंदावण्याची शक्यता असतेच.

रक्तप्रवाह थांबवण्याची ही पद्धत ग्लासगोचे सर्जन प्रिंगल यांनी १९०८ साली मांडली. आज साधारणपणे पंधरा मिनिटे बंद, पाच मिनिटे चालू अशा टप्प्यांनी ती वापरली जाते, आणि इजा कमी करण्याचा माणसात सर्वाधिक तपासलेला उपाय तोच आहे. वडील घेत असलेल्या काढ्यांची, चूर्णांची, गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञांना आवर्जून दाखवा. आमटीतली हळद मात्र बंद करण्याचे कारण नाही.