लिहिताना कानात काय असावं?

प्रश्न – ताई नमस्कार. मी सांगलीची, एका पतसंस्थेत नोकरी करते, कथा लिहायला लागून दोन वर्षं झाली. रात्री मुलांची झोपाझोप झाली की साडेदहाला बसते आणि तेव्हा घरात एवढी सामसूम असते की उलट काही सुचतच नाही, म्हणून गाणी लावते. पण आवडती भावगीतं लावली की मी त्यातच गुंतते, अर्ध्या तासाने बघावं तर वहीत दोन ओळी. युट्यूबवरचं ते तीन-तीन तासांचं फोकस म्युझिक लावलं तर पेंग येते. आत्ताची कथा एका म्हातारीची आहे, ती रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर येऊन बसते, मुलगा यायचा असतो. पण तिचं ते बसणं काही केल्या कागदावर उतरत नाहीये. काय ऐकू?

उत्तर – आधी भावगीतं बंद करा, आणि हे मी भावगीतांवर जीव असलेली बाई म्हणून सांगतेय. तुम्ही मराठीत लिहिताय आणि कानातही मराठी शब्द चालू आहेत, मग तुमचं वाक्य डोक्यात जुळत असतं त्याच जागी दुसऱ्याचं आधीच जुळलेलं, चाल लागलेलं वाक्य येऊन बसतं, आणि ते इतकं पक्कं असतं की तुमचं कच्चं वाक्य त्याच्यापुढे टिकत नाही. फोकस म्युझिकचं उलटं आहे, त्याला कुठे जायचंच नसतं, म्हणून ऐकणाराही जागच्या जागी पेंगतो.

तुमच्या म्हातारीसाठी मारवा ऐका. मावळतीचा राग आहे, तिची वेळही तीच. पण मी तो वेळेसाठी सुचवत नाहीये. मारव्यात पंचम म्हणजे प नाहीच, रिषभ म्हणजे रे कोमल, मध्यम म्हणजे म तीव्र, आणि मुख्य म्हणजे गाणारा षड्जावर यायचं लांबवत राहतो, रिषभ-धैवतापाशीच, म्हणजे रे आणि ध पाशीच घोटाळतो. षड्ज म्हणजे सा, गाणाऱ्याचं घर. बाकीच्या रागांत तो थोड्या थोड्या वेळाने घरी येऊन टेकतो, मारव्यात मात्र उंबऱ्यापर्यंत येतो आणि मागे फिरतो, परत येतो, परत फिरतो. तुमची म्हातारी रोज संध्याकाळी तेच करतेय ना?

उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा मिळवून ऐका. झुमरा ताल आहे, 14 मात्रांचा, पण लय एवढी संथ की पुढची सम, म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, कधी येतेय याची आपणच वाट बघायला लागतो. त्यात शब्द आहेत, पण इतके ताणलेले की त्यांचे नुसते स्वर उरतात, तुमच्या वाक्याच्या आड येत नाहीत. अगदीच शब्द नकोत असं वाटलं तर ध्रुपदातली नोमतोमची आलापी, म्हणजे नुसत्या अर्थ नसलेल्या अक्षरांवरचं गाणं ऐका किंवा उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल होतं. त्यांच्या वीणेवर एक स्वर छेडला की तो विझेपर्यंत पुढच्याची घाई नसते, म्हातारीच्या बसण्याला ती गती मला फार जवळची वाटते.

मला मारव्याने काय दिलं ते सांगते. दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या एका बाईची कथा मी लिहित होते, चार वेळा लिहिली चार वेळा फाडली. मारवा ऐकताना एका रात्री लक्षात आलं की मी तिला दुसऱ्याच परिच्छेदात रडवतेय, म्हणजे सुरुवातीलाच षड्जावर आणून बसवतेय, मग पुढे ऐकायला उरतंच काय! मी तिचं रडणं सगळंच्या सगळं काढलं, फक्त पर्समधली रिक्षाची चिल्लर परत परत मोजणं ठेवलं, आणि कथा उभी राहिली. तुमच्या म्हातारीच्या तोंडी मुलाचं नाव पहिल्याच पानावर आलंय का बघा. आलं असेल तर काढा. गाड्यांचे बोर्ड येऊ देत, शेंगदाणेवाला येऊ दे, कंट्रोलरची अनाऊन्समेंट येऊ दे, नाव लांबवा.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथे बरेचजण फसतात. मारवा चालू ठेवून लिहू नका. दिवा घालवून वीसेक मिनिटं फक्त ऐका, मग बंद करा आणि लिहायला बसा. चालू ठेवलात तर व्याकुळपणा कानातून येत राहतो आणि आपल्याला वाटतं की तो कागदावरून येतोय. सकाळी तेच पान वाचलं की सपक लागतं. त्यामुळे रात्रीचं लिखाण दुसऱ्या दिवशी संगीताशिवाय, मोठ्याने वाचायचंच, स्वयंपाक करता करता वाचलंत तरी चालेल.

आणि लिहिताना ती सामसूम खायला उठते त्यासाठी तानपुरा. फोनवर तानपुऱ्याची ॲप्स फुकट मिळतात, नसेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी. चार तारा, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. चाल नाही, ठेका नाही, शब्द नाहीत, तरी तो आवाज जिवंत असतो कारण जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला हलकेच घासत राहील अशी बसवलेली असते त्यामुळे, प्रत्येक तारेतून बारीक बारीक स्वर सुटत राहतात. मारवा ऐकून बसणार असाल तर ॲपवर पहिली तार पंचमाऐवजी निषादाला, म्हणजे नी ला लावा, पंचम त्या रागात नाही ना, तो वाजत राहिला की खटकतो. आवाज एवढाच ठेवा की पेनाची कुरकुर ऐकू येईल.

जाता जाता अजून एक, म्हातारी खेड्यातली असेल तरच. जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आता इंटरनेटवर बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायला मिळतात. इथे मात्र शब्दांकडेच कान द्यायचा, आणि लिहायच्या वेळी नाही, दुपारी, भाजी निवडताना. लेक सासरी जाते, भाऊ न्यायला येत नाही, हे त्या बायका कसलंही विशेषण न लावता दोन-तीन ओळींत सांगतात आणि जातं फिरत राहतं. म्हातारी बोलेल तेव्हा तिची वाक्यं त्या मापाची ठेवून बघा.

प्रश्न – मी इंजिनिअरिंगला आहे, थ्रिलर लिहितो. पाठलागाच्या सीनला सिनेमांचे बॅकग्राऊंड स्कोअर लावतो, लिहिताना अंगावर काटा येतो पण मित्र वाचून म्हणतात की ठीक आहे. असं का?

उत्तर – वर ताईंना लिहिलंय तेच तुमच्या बाबतीत दुप्पट होतंय. ते संगीत पडद्यावरच्या चित्रासाठी केलेलं असतं, ते चित्र तुमच्या डोळ्यापुढे येतं आणि तुम्ही त्याचं वर्णन करता, मित्रांच्या डोळ्यापुढे ते नसतंच. एकल तबलावादन ऐका. तीनताल, 16 मात्रा. एक कायदा, म्हणजे बोलांची एक ठरलेली रचना, घेतला की वादक त्यातलेच बोल उलटेपालटे करून पलटे करत जातो, नवं काही आणत नाही तरी ताण चढत जातो, आणि शेवटी तिहाई, तोच तुकडा तीनदा वाजून बरोबर समेवर पडतो. पाठलागात तुम्ही दर वाक्याला नवी गल्ली, नवी गाडी, नवा माणूस आणत असाल. एकच गल्ली घ्या, एक बंद शटर, एक कुत्रं, आणि तेच फिरवून फिरवून लिहा. तबला बंद करून.