रूट कॅनॉल झालं, दुखायचं थांबलं, मग कॅप कशाला?

मागच्या अंकात दातांच्या कॅपबद्दल काय विचारायचं ते पाठवा म्हटलं होतं, त्यातले पाच प्रश्न इथे घेतलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारलंय.

प्रश्न : मॅडम, माझं वय ४६. आठ महिन्यांपूर्वी खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनॉल केलं. त्याआधी तीन रात्री झोप नव्हती, आता काहीच दुखत नाही. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते कॅप बसवून घ्या, पण मुलाच्या अ‍ॅडमिशनचे पैसे भरायचे होते म्हणून राहून गेलं. आता दुखतच नाही तर कॅप खरंच लागते का, की तो वरचा खर्च आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, दुखत नाही म्हणूनच मला तुमच्या दाढेची जास्त काळजी वाटतेय. रूट कॅनॉलमध्ये दाताची नस काढून टाकतात, त्यामुळे ठणका गेला तसा आधी इशारा देणारा आवाजही गेला. जिवंत दाढेला बारीक तडा गेला की चावताना सणक येते आणि माणूस आपोआप त्या बाजूनं खायचं टाळतो, तुमच्या दाढेला तडा गेला तर बहुतेक वेळा लवकर कळणारच नाही, तुम्ही त्याच बाजूनं चकली खात राहाल.

बरेच लोक म्हणतात नस काढली की दात वाळतो आणि ठिसूळ होतो. तसं फारसं होत नाही. दात कमजोर होतो तो त्याचा भाग गेल्यामुळे, थोडा किडीनं खाल्लेला असतो आणि थोडा कीड साफ करताना जातो. टोपली बघा, बुरूड काठाला जाड कामटी वळून बांधतो, तो काठ शाबूत आहे तोवर मधल्या दोन-चार काड्या तुटल्या तरी टोपली भार घेते, काठ सुटला की फाकते. दाढ शेजारच्या दाढेला टेकते तिथे पुढे आणि मागे अशीच जाड कड असते. १९८९ साली छापलेल्या एका अभ्यासात, काढून टाकलेल्या उपदाढांवर (सुळा आणि दाढ यांच्या मधले दात) प्रयोगशाळेत हे मोजून बघितलं होतं, नुसतं रूट कॅनॉलमुळे दाताचा ताठपणा साधारण ५ टक्केच कमी झाला, पण किडीसारखा मोठा खड्डा करून पुढची-मागची दोन्ही कडा काढल्या तेव्हा ६३ टक्के कमी झाला. आणि मोठ्या माणसाच्या दाढेवर जोरात चावलं की ५०-६० किलोच्या आसपास भार येतो, रोज, कितीतरी वेळा. कॅप त्या उरलेल्या भिंती बाहेरून आवळून धरते, तिचं मुख्य काम ते, दिसणं वगैरे नंतर.

अमेरिकेत २००२ साली छापलेल्या एका अभ्यासात रूट कॅनॉल झालेल्या दातांपैकी कॅप न बसवलेले दात, कॅपवाल्यांपेक्षा ६ पट वेगानं गमावले गेले असं दिसलं. कॅप बसवणारे लोक एरवीही दातांची काळजी जास्त घेत असतील असं धरलं तरी फरक खूपच मोठा आहे.

हे मी नुसतं वाचून सांगत नाहीये. माझ्या आईची वरची पहिली दाढ अशीच होती, रूट कॅनॉल झालेलं, आई म्हणायची दिवाळी होऊ दे, मग म्हणाली लग्नसराई होऊ दे, आणि मीही घरचीच डॉक्टर म्हणून पुढच्या रविवारी बघू, पुढच्या रविवारी बघू करत राहिले. एका संध्याकाळी भाजलेले शेंगदाणे खाताना दाढ मधोमध उभी चिरली, अगदी मुळापर्यंत. अशा दाढेला काही करता येत नाही, काढावीच लागते, काढली. ती जागा आजही मोकळी आहे आणि आई जेवायला बसली की मला ती दिसते.

तर तुम्ही आता काय करायचं. याच आठवड्यात जाऊन एक्स-रे काढा. दोन गोष्टी विचारा. पहिली, वर जे सिमेंट भरलंय ते पक्कं आहे की तात्पुरतं, कारण तात्पुरतं असेल तर आठ महिन्यांत कडेनं लाळ आत झिरपलेली असू शकते आणि मग रूट कॅनॉल पुन्हा उघडून साफ करावं लागतं, ते न करता वरून कॅप बसवली तर आतला जंतुसंसर्ग झाकून ठेवल्यासारखं होईल. दुसरी, हिरडीच्या वर चांगला दात किती उरलाय. चारही बाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर तरी निरोगी दात पाहिजे, कॅप त्यालाच धरते. तेवढा नसेल तर कधी हिरडी थोडी कापून जागा करता येते, कधी नाही येत, आणि नाही येत असं डॉक्टर स्पष्ट सांगत असतील तर ते ऐका, भुसभुशीत बुडख्यावर महागडी कॅप बसवून उपयोग नसतो.

सगळ्यांनाच कॅप लागते असंही नाही. पुढच्या दाताला लहानसंच भोक असेल तर चांगलं फिलिंग पुरतं. दाढेच्या दोन्ही कडा शाबूत असतील तर डॉक्टर कधी कधी फक्त वरचा चावायचा भाग झाकणारी अर्धी कॅप सुचवतात. आणि पैशांचं म्हणाल तर मागच्या दाढेला साधी धातूची कॅप चालते, सगळ्यात स्वस्त असते, दात कमी घासावा लागतो आणि टिकते छान. मुंबईत सरकारी डेंटल कॉलेज आणि नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज, नागपूरला आणि संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज, गोव्यात बांबोळीचं कॉलेज, इथे खासगी दवाखान्यापेक्षा बरंच कमी पैशांत काम होतं, खेपा जास्त घालाव्या लागतात एवढंच.

प्रश्न : तीन दवाखान्यांत विचारलं. एक म्हणतात सिरॅमिक कॅप ४,५००, दुसरे झिरकोनिया ९,००० आणि ५ वर्षं वॉरंटी, तिसरे झिरकोनिया १४,००० आणि १५ वर्षं वॉरंटी. डोकं चालेना. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ज्याला आपल्याकडे नुसतं सिरॅमिक म्हणतात त्यात बहुतेक वेळा आत धातूची टोपी असते आणि वर दातासारखा थर. वर्षानुवर्षं वापरात आहे, वाईट अजिबात नाही, पण वरच्या थराचा टवका उडू शकतो आणि काही वर्षांनी हिरडी थोडी सरकली की कडेला काळपट रेघ दिसते. शिवाय आतल्या स्वस्त धातूत निकेल असतं, खोटे दागिने घातल्यावर कानाला खाज येत असेल, चट्टे उठत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. झिरकोनिया हा सिरॅमिकचाच एक पांढरा, कडक प्रकार, त्याला आत धातूची टोपी नसते. खडूसारख्या मऊ चकतीतून कॉम्प्युटरच्या मशीनवर कॅप कोरतात, ती २०-२५ टक्के मोठी कोरतात कारण नंतर साधारण १,५०० डिग्रीच्या भट्टीत ती तेवढी आक्रसते आणि मग प्रचंड कडक होते. रात्री दात खायची सवय असेल तर मी शक्यतो हीच सांगते, सोबत झोपताना दातांवर चढवायचा गार्डही.

वॉरंटीचं मात्र नीट ऐका. ते कार्ड कॅप फुटली तर बदलून द्यायचं असतं. कॅपच्या खाली दात किडला, हिरडी सुजली, रूट कॅनॉल पुन्हा करावं लागलं, हे सहसा त्यात नसतं. कॅपला कीड लागत नाही, तिच्या कडेशी उरलेल्या दाताला लागते, आणि मी आजवर ज्या कॅप काढल्या त्यातल्या बहुतेक फुटल्या म्हणून नाही तर खाली कीड लागली म्हणून काढल्या. म्हणून १५ वर्षांच्या कार्डापेक्षा कड दाताला किती चपखल बसलीय ते महत्त्वाचं. पक्की चिकटवण्याआधी बसवून बघतात तेव्हा घाई करू देऊ नका, चावून बघा, जरा जरी उंच लागलं तर सांगा, इंजेक्शनचा बधिरपणा उतरल्यावर लागलं तर पुन्हा जा. आणि शेजारच्या दाताच्या फटीतून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) नीट जातो का, तुटत नाही ना, हे तिथेच करून दाखवायला सांगा. हे सगळं शांतपणे करून देणारा डॉक्टर तिघांतला जो असेल त्याच्याकडे जा.

प्रश्न : माझा मुलगा ६ वर्षांचा. दुधाच्या दोन दाढा किडल्यात, डॉक्टर स्टीलच्या कॅप बसवू म्हणतात. सासूबाई म्हणतात पडणारेच दात आहेत, कशाला पोराचे हाल. – एक आई, नाशिक

उत्तर : आजींची माया बरोबर आहे, पण दुधाच्या दाढा पडतात साधारण ९ ते १२ व्या वर्षी, म्हणजे अजून तीन ते सहा वर्षं त्याच दाढांनी त्याला जेवायचंय. आणि त्या लवकर गेल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि पक्क्या दाताची जागा जाते. हाल म्हणाल तर स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावानं एक पद्धत आहे, त्यात इंजेक्शन नाही, मशीन नाही, दाढेवर मापाची स्टीलची कॅप सिमेंट भरून दाबून बसवायची, कीड आतच बंद होते आणि खायला न मिळाल्यामुळे थांबते. सुरुवातीला उंच लागतं, काही आठवड्यांत चावा आपोआप जुळतो. पण हे दाढ रात्री ठणकत असेल किंवा हिरडीवर पुटकुळी आली असेल तर चालत नाही, तेव्हा आधी नसेचा उपचार. दाढ पडेल तेव्हा कॅप तिच्यासकट पडेल.

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे, तीन महिन्यांनी लग्न. पुढचे दात थोडे वाकडे आहेत आणि मधे फट आहे. एका ठिकाणी सांगितलं की सहा कॅप बसवल्या की आठवड्यात एकदम सरळ. करू का? – पुणे

उत्तर : नको गं. कॅप बसवायची म्हणजे दात चारही बाजूंनी घासून बारीक करावा लागतो, मिलिमीटर-दीड मिलिमीटर, आणि एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, परत येत नाही. तुझे सहाच्या सहा दात निरोगी आहेत, तू किडीबद्दल एक शब्द लिहिलेला नाहीस. घासलेल्या जिवंत दातांपैकी काहींची नस नंतर मरते आणि रूट कॅनॉल करावं लागतं. शिवाय कॅप काही जन्मभराची नसते, १०-१५ वर्षांनी बदलावी लागते असं धर, कुणाची जास्तही टिकते, पण २३ व्या वर्षी सुरुवात केलीस तर पुढे किती वेळा बदलशील याचा हिशोब कर, आणि दर वेळी खालचा दात आणखी कमी होणार. फट बुजवायची तर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, लावून एका बैठकीत होतं, दात जवळजवळ घासावाच लागत नाही. वाकडेपणासाठी तारा किंवा अलाइनर (दातांवर चढवायचे, काढता येणारे पारदर्शक साचे), ते लग्नानंतर सावकाश कर. मुलाकडच्यांनी काही म्हटलंय म्हणून विचारत असशील तर तुझे दात कुणाच्या म्हणण्यानं घासायचे नाहीत एवढं माझं ऐक.

प्रश्न : तिळाची वडी खाताना कॅप निघून हातात आली. गावी आहे, डॉक्टर दोन दिवसांनी भेटतील. फेविक्विकनं चिकटवली तर? – साताऱ्याहून

उत्तर : अजिबात नाही! ते तोंडात वापरायचं नसतं, हिरडी भाजते, आणि कॅप वाकडी चिकटली तर काढताना दातच तुटतो. कॅप धुऊन छोट्या डबीत ठेवा, हरवू नका, आत कीड नसेल आणि दात तुटलेला नसेल तर बऱ्याचदा तीच परत बसवता येते. दोन दिवस त्या बाजूनं खाऊ नका, दात मऊ ब्रशनं हळू घासा, जिवंत दात असेल तर गार-गरम लागेल. कॅप नुसती अडकवून झोपू नका. आणि दुसऱ्या कुणाची खाताना पोटात गेली असेल तर बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाते, पण गिळताना ठसका लागला, नंतर खोकला थांबेना किंवा दम लागायला लागला तर ती श्वासनळीत गेलेली असू शकते, तेव्हा दातांच्या डॉक्टरची वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलात जाऊन छातीचा एक्स-रे काढायचा, रात्र असली तरी.