नववीच्या वर्गाला व्यवसायाचा हिशेब शिकवताना

आपण नववीच्या वर्गाला व्यवसायाची तोंडओळख करून देणार आहात, तर भांडवल आणि नफा यांच्या व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी शाळेच्या आनंदमेळाव्यातील कोकम सरबताचा हिशेब मुलांकडून वहीत मांडून घ्यावा: कोकम, साखर, बर्फ आणि कागदी पेले मिळून खर्च २६० रुपये, १० रुपयांप्रमाणे ४० पेले खपले तर नफा १४० रुपये, आणि त्यांतले १० पेले उरले तर अवघे ४०. त्यानंतरच एक्सेल उघडावे. तेथे बहुतेक मुले बेरीज मनात करून उत्तरच चौकटीत टाइप करतात (पहिल्या वर्षी हे माझ्या फार उशिरा लक्षात आले), म्हणून बर्फाचा आकडा मुद्दाम बदलायला लावावा. एकूण खर्च जागचा हलला नाही, की सूत्र कशासाठी लिहायचे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. संगणक कमी असतील, तर कळफलक दोघांत आळीपाळीने द्यावा.